होडीचा बिल्ला

मोठ्या ताईंच्या नाकाबद्दल आधी सांगायला हवं. दिसायला ते चारचौघींसारखंच, पण सकाळी सव्वासातला बालवाडीचं कुलूप उघडलं की सगळ्यात आधी कामाला लागायचं ते नाकच. ताई उंबऱ्यावर थांबायच्या आणि हवा ओढून घ्यायच्या. फिनेलचा वास आला तर ठीक. ओल्या चटईचा आला तर काल मागची खिडकी उघडी राहिली. गोडसर-आंबूस आला तर कपाटामागे कुणाचं तरी केळं पडलंय, आणि ते सापडेपर्यंत बाई चहाला हात लावणार नाहीत. एकदा अशाच वासाच्या मागे लागून त्यांनी खेळण्यांची पाचही कपाटं ओढायला लावली. निघालं काय, तर मोज्यात भरून ठेवलेलं अर्धं सफरचंद! मोजा कुणाचा, सफरचंद कुणाचं आणि ते मोज्यात कशाला, याचा छडा लावायला दोन दिवस गेले. सफरचंदाला थंडी वाजत होती म्हणे.

यजमान शिंपी. ते मशीनवरून मान वर न करता विचारायचे, "अगं, तू बालवाडी चालवतेस की पोलीस चौकी?"

"फरक एवढाच," ताई म्हणायच्या, "की माझ्याकडचे सगळे खरं बोलतात."

हे वाक्य त्या गेली वीस वर्षं म्हणत होत्या, आणि ते खरंच होतं. ते विसरल्या कशा, त्याचीच ही गोष्ट.

बालवाडी म्हणजे तीन खोल्या, एक स्वयंपाकघर, वाळूचा एक खड्डा आणि चौसष्ट मुलं. सगळ्यात छोटं दीड वर्षाचं, सगळ्यात मोठं पाचाचं. शिकवणाऱ्या ताया चार, मदतनीस मावशी एक, स्वयंपाकीण एक आणि या सगळ्यांवर मोठ्या ताई. लोकांना वाटतं, बालवाडी चालवायची म्हणजे काय, मुलांना गोंजारायचं आणि गाणी म्हणायची. अहो, गाणी म्हणायला वेळ कुणाला आहे! सकाळी फाटकाची कडी बघायची, ती मुलांच्या हाताला लागेल अशी कुणी खाली तर नाही ना सरकवली. वाळू चाळायची. दुधाचा थेंब मनगटावर टाकून बघायचा. औषधांच्या कपाटाची किल्ली गळ्यात आहे ना, हे दर तासाला चाचपायचं. कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, कुणाला दूध, कुणाला अंडं, ती यादी स्वयंपाकघराच्या दाराला, डोळ्यांसमोर. त्यात एखाद्या ताईचा फोन, "मला आज बरं वाटत नाहीये." मग त्या खोलीत कोणाला उभं करायचं, ते सात मिनिटांत ठरवायचं. आणि दिवसातून चार वेळा मुलं मोजायची. आल्यावर, जेवताना, झोपल्यावर आणि जाताना.

मोजायची ती बिल्ल्यांवरून. या बिल्ल्यांची एक वेगळी कथा आहे.

मोठ्या ताई इथे आल्या त्या स्वयंपाकिणीच्या बदली, आठ दिवसांसाठी. एकवीस वर्षं झाली, ते आठ दिवस संपायचे आहेत. पण स्वयंपाक करता करता त्या मुलांकडे बघत बसायच्या आणि तेव्हा बालवाडी चालवणाऱ्या जुन्या बाईंना हजार प्रश्न विचारायच्या. हा झोपताना कान का धरतो? ही पायरी उतरताना मागे वळून का उतरते? जुन्या बाई वैतागल्या, मग हसल्या, आणि जाताना किल्ल्या त्यांच्याच हातात ठेवून गेल्या. दुसऱ्याच वर्षी घोटाळा झाला. एकाच नावाची दोन मुलं होती. एकाचं खोकल्याचं औषध दुसऱ्याच्या पोटात गेलं. झालं काहीच नाही, मूल मजेत खेळत होतं, पण ताईंच्या घशाखाली दोन दिवस घास उतरला नाही. तिसऱ्या दिवशी त्या यजमानांच्या दुकानात गेल्या आणि कातरणांची पिशवी मशीनवर पालथी केली.

"चित्रं शिवून द्या," म्हणाल्या. "वाचता न येणाऱ्यांना वाचता येतील अशी."

अशी चौसष्ट चित्रं झाली. छत्री, कासव, होडी, गाजर, घंटा, किल्ली, चष्मा, शिडी. तळहाताएवढा गोल बिल्ला, टोचू नये म्हणून पिनेऐवजी बटणाने एप्रनला लागणारा. तेच चित्र मुलाच्या गादीवर, पेल्यावर, टॉवेलवर. दारातल्या फळीवर चौसष्ट खिळे, प्रत्येकावर तेच चित्र. सकाळी आलं की आपल्या खिळ्यावरून आपला बिल्ला घ्यायचा, जाताना परत तिथेच अडकवायचा. ही इथली पहिली शिकवण. दीड वर्षाचं पोरसुद्धा चुकत नसे. हळूहळू नावं मागे पडली आणि चित्रंच नावं झाली. "गाजर, नाक पूस." "शिडी, बाई, खाली उतर." आईबापही फोनवर सांगायचे, "मी चष्म्याचे बाबा बोलतोय." त्यानंतर इतक्या वर्षांत औषधाचा घोटाळा पुन्हा कधी झाला नाही, आणि मोठ्या ताईंना आयुष्यात कशाचा गर्व असेल तर तो या बिल्ल्यांचा.

आता त्या शुक्रवारकडे येऊ.

त्याच्या दहा दिवस आधी मोठ्या खोलीतल्या जुन्या ताई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी एक नव्या ताई आल्या. मुलगी हुशार, आवाज गोड, फक्त अंगात भीती फार. पहिल्या दिवशी मोठ्या ताईंनी तिला समोर बसवून सांगितलं, "खोलीत बावीस मुलं आहेत. नावं पाठ करायच्या भानगडीत पडू नकोस. तोंडं नंतर बघ, आधी बिल्ला बघ. तोंड चुकेल, बिल्ला चुकत नाही."

नव्या ताईंनी मान डोलावली आणि अक्षरशः तेच केलं.

एरवी मोठ्या ताई रोज अर्धा तास प्रत्येक खोलीत नुसत्या बसायच्या. पण परवान्याची तपासणी आली होती डोक्यावर. पाण्याचा दाखला, आग विझवायच्या नळकांड्यांचा दाखला, प्रत्येकीच्या डोळ्यांच्या तपासणीचा कागद. या दहा दिवसांत ताई सकाळ-संध्याकाळ दारात उभ्या राहिल्या तेवढ्याच. मधला सगळा वेळ कार्यालयात, कागदांत नाक खुपसून. मोठ्या खोलीत त्या एकदाही बसल्या नाहीत.

आणि याच दहा दिवसांत मोठ्या खोलीतून तीन चिठ्ठ्या आल्या. पहिली: होडीने गाजराच्या दंडाला चावलं. दुसरी: होडीने घंटेच्या हाताला चावलं. तिसरी गुरुवारची: होडीने छत्रीच्या खांद्याला चावलं, वळ उठला.

तीन चाव्यांचा नियम होता. दोन वर्षांपूर्वी एका मुलाच्या कानाला तीन टाके पडले, तेव्हा पालकांच्या सभेने केलेला. पहिल्या चाव्याला घरी सूचना, दुसऱ्याला ताकीद आणि तिसऱ्याला पत्र: महिनाभर मूल घरी. सगळ्यांनी हात वर केले होते. मोठ्या ताईंनीही.

होडी म्हणजे बस चालवणाऱ्या बाईंचा मुलगा. सव्वाचार वर्षांचा, शांत. मुंग्यांना वाट देऊन चालणारा. घरात आई आणि तो, तिसरं कुणी नाही. आई रोज सव्वासातला त्याला सोडायची, धावत डेपोत जायची आणि साडेपाचला वर्दीतच घ्यायला यायची. शुक्रवारी सकाळी ती दारात उभी राहिली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

"ताई, पत्र आज देणार ना?"

"संध्याकाळी बोलू या," ताई म्हणाल्या. पत्र टाइप होऊन टेबलाच्या खणात पडलं होतं. फक्त सही राहिली होती.

"डेपोत विचारून बघितलं मी. महिनाभर सुट्टी मिळणार नाही. सकाळची पाळी सोडलीत तर रात्रीची घ्या, म्हणाले. रात्री याला कुठे ठेवू? एकट्याला कुलूप लावून जाऊ?" तिने आवाज खाली आणला. मुलगा जरा पलीकडे खिळ्यावरून बिल्ला काढत होता. "आणि वाईट कशाचं वाटतं सांगू? चावला, ते एक वेळ समजू शकते. पण खोटं बोलायला लागलाय. काल दरडावून विचारलं, तर म्हणतो, मी नाही, होडीने चावलं. अहो, होडी म्हणजे हाच ना! तोंडावर सांगतो माझ्या!"

ती गेली. मुलाने होडीचा बिल्ला आपल्या एप्रनला लावला, बटण नीट बसलंय का ते दाबून बघितलं आणि खोलीत गेला.

मोठ्या ताई तिथेच उभ्या राहिल्या. त्यांचं नाक हललं.

खोटं बोलणारी मुलं त्यांनी ढिगाने पाहिली होती. खोटं बोलणारं मूल म्हणतं, मी नाही केलं. किंवा म्हणतं, शिडीने केलं. फारच झालं तर भुताने केलं. पण मी नाही केलं, मीच केलं, असं कोण म्हणतं? अशा खोट्याचा त्या पोराला फायदा काय? हे काही खोट्यासारखं वाटत नव्हतं. मग कशासारखं वाटत होतं?

लगेच उठून मोठ्या खोलीत जाऊन बसावं, असं त्यांना वाटलं. पण बालवाडीत वाटलं आणि केलं असं कधी होतं का! पाण्याची मोटर बंद पडली. स्वयंपाकीण हातात पळी घेऊन आली, "भांडी कशात घासू, माझ्या अश्रूंत?" मोटरवाला आला, तर मधल्या खोलीत चष्म्याने नाकात मणी घातला. मणी निघाला, तर आग विझवायची नळकांडी तपासणारा माणूस येऊन बसला आणि त्याला सही हवी होती. सगळ्या धावपळीत ताईंच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. मी नाही, होडीने चावलं. मी नाही, होडीने चावलं.

तीन वाजता मुलं झोपून उठली. मोठ्या ताईंनी फोन स्वयंपाकिणीच्या हातात दिला. "पंतप्रधानांचा आला तरी सांग, बाई बाहेर गेल्यात." आणि मोठ्या खोलीत जाऊन त्या कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीवर बसल्या. गुडघे हनुवटीला लागले.

खोलीत रंगकाम चाललं होतं. नव्या ताई या टेबलावरून त्या टेबलावर पळत होत्या. मदतनीस मावशी सांडलेलं पाणी पुसत, "सोन्या, सरक. सोन्या, पाय उचल," म्हणत होती. मावशीचं बरं होतं. तिच्या लेखी चौसष्टच्या चौसष्ट सोन्या होते.

"कासव, तुझा ब्रश धुऊन ठेव बाळा," नव्या ताई म्हणाल्या.

बसवाल्या बाईंचा मुलगा उठला, नळाशी गेला आणि ब्रश धुऊ लागला.

मोठ्या ताईंना वाटलं, हा उगाच उठला. सांगितलं कासवाला, आणि उठला होडी. त्या हाक मारणार, एवढ्यात पोरगं परत आलं आणि त्यांना त्याच्या छातीवरचा बिल्ला दिसला. त्यावर कासव होतं. हिरव्या कातरणाचं, एका पायाचा टाका उसवलेला. सकाळी त्यांच्या डोळ्यांदेखत या मुलाने होडी लावली होती!

मग होडी कुठे आहे? त्यांनी खोलीभर नजर फिरवली. होडी खिडकीजवळच्या टेबलाशी बसली होती. निळी होडी, पांढरं शीड. आणि ती होती कासवाच्या छातीवर. म्हणजे रोज आजोबांचं बोट धरून येणाऱ्या, ज्याचे वडील जहाजावर नोकरीला आहेत त्या मुलाच्या.

ताईंना आधी हसूच आलं. मग लगेच त्या तीन चिठ्ठ्या आठवल्या.

शेजारी छत्री बसली होती. छत्री म्हणजे खोलीचं आकाशवाणी केंद्र. आजवर तिने कुठलीही बातमी पोटात ठेवलेली नव्हती.

"काय गं छत्री," ताईंनी हळूच विचारलं, "तो खिडकीपाशी आहे, तो कोण?"

"होडी."

"आणि तो, नळापाशी?"

"कासव."

"आणि सकाळी घरून येतो तेव्हा?"

छत्रीने ब्रश खाली ठेवला. एवढं कसं कळत नाही या बाईंना, असं तोंड केलं. "सकाळी तो होडीच असतो. मग आत आल्यावर तो होडी त्याला देतो. आणि घरी जायच्या आधी परत घेतो. नाहीतर खिळा चुकेल ना!"

खिळा चुकेल ना! मोठ्या ताईंनी डोक्याला हात लावला. दोघा पोरांनी दहा दिवस रोज बिल्ले बदलले होते आणि रोज जाताना शहाण्यासारखे परत केले होते, कारण ताईंनीच शिकवलं होतं, आपला बिल्ला आपल्या खिळ्यावर. दारात उभं राहून बघणाऱ्या ताईंना सकाळीही बरोबर दिसत होतं आणि संध्याकाळीही. मधल्या दहा तासांत होडी कासव होता आणि कासव होडी. आणि नवी बिचारी! तिने पहिल्या दिवशी बिल्ले बघितले, बिल्ल्यांवरून तोंडं पाठ केली आणि ती उलटीच पाठ झाली. तिने लिहिलं ते तिच्यापुरतं अगदी खरं होतं.

"हे कधीपासून गं?"

"नव्या ताई आल्या तेव्हापासून. जुन्या ताई देऊ द्यायच्या नाहीत."

"आणि काल तुला कोणी चावलं?"

"सांगितलं ना, होडीने." छत्रीने खिडकीकडे बोट केलं. "मी म्हटलं आता माझा नंबर, मला दे होडी. गाजराने पण मागितली होती, घंटेने पण. तो देतच नाही कुणाला. चावतो."

"मग मला का नाही सांगितलंस हे सगळं?"

"तुम्ही कुठे विचारलं!"

खरंच होतं. काल संध्याकाळी छत्रीच्या खांद्यावर बर्फ धरून ताईंनी विचारलं होतं ते असं: "होडीने चावलं ना गं तुला?" उत्तर आधीच आत घालून विचारलेला प्रश्न. छत्रीने मान हलवली होती. आणि त्याच्या आदल्या आठवड्यात, दुसऱ्या चाव्यानंतर, बसवाल्या बाईंच्या मुलाला दारात थांबवून त्या म्हणाल्या होत्या, "चावायचं असतं का?" तो म्हणाला, नाही. "परत चावशील?" तो म्हणाला, नाही. "शहाणा माझा!" म्हणून त्यांनी त्याची पाठ थोपटली होती. पोरगं प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर देत होतं. तू चावलास का, हा एकच प्रश्न त्याला कुणी केला नव्हता. आयुष्यभर सफरचंदाच्या मोज्याचा छडा लावणाऱ्या बाईने!

शेंगदाणे न चालणाऱ्यांच्या यादीत या दोघांपैकी एकही नव्हता, हे ताईंनी मनातल्या मनात दोनदा तपासून घेतलं. असता तर?

त्या उठल्या. गुडघे कटकन वाजले. खिडकीपाशी जाऊन त्या जहाजावरच्याच्या मुलाशेजारी बसल्या. तो चित्र काढत नव्हता. बाहेर फाटकाकडे बघत होता.

"छान आहे होडी," ताई म्हणाल्या.

त्याने बिल्ल्यावर हात झाकला.

"मी नाही घेत रे. मला फक्त विचारायचंय. तुला ती कशाला लागते?"

त्याने बिल्ल्यावरचा हात काढला नाही. ताईंनीही घाई केली नाही. दहा दिवसांत पहिल्यांदाच त्या घाई करत नव्हत्या.

"बाबा येणारेत," तो म्हणाला. "होडीतून. मोठ्या होडीतून."

"हो का? कधी?"

"आजोबा म्हणाले, लवकर. आणि आजोबा म्हणाले, तू एवढा मोठा झालास, बाबा आता तुला ओळखणारच नाहीत."

ताईंनी खुर्ची आणखी जवळ ओढली.

"कासव आमच्या घरी नाहीच आहे," तो समजावून सांगू लागला. "बाबांना कासव माहीत नाही. होडी माहीत आहे. होडी दिसली की त्यांना कळेल, हा मी." मग खालच्या आवाजात, "दुसऱ्याने लावली तर ते त्यालाच नेतील."

आजोबा किती हौसेने म्हणाले असतील ते! सगळेच म्हणतात. केवढा झालास रे, ओळखू येत नाहीस! आणि हे चार वर्षांचं पोर दहा दिवस खिडकीत बसून पहारा देत होतं, आणि जो कुणी होडीला हात लावेल त्याला चावत होतं. ताईंनी त्याला जवळ घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, "बाबा तुला ओळखणार. बिल्ला नसला तरी ओळखणार. आणि चावायचं मात्र नाही, कुणालाच. त्यांना दुखलं, खूप दुखलं."

"माहितेय," तो म्हणाला आणि रडायला लागला.

चार वाजता नव्या ताई कार्यालयात आल्या. प्रकार कळल्यावर त्या धाय मोकलून रडल्या. "ताई, मी त्या बिचाऱ्या मुलाचं नाव तीनदा लिहिलं हो!"

"तू बिल्ल्याचं नाव लिहिलंस. आणि तोंडाकडे बघू नकोस, असं तुला सांगितलं कोणी? मी. डोळे पूस. सोमवारपासून तोंडं पाठ करायची. मीही तुझ्याबरोबर बसणार."

खणातलं पत्र काढून त्यांनी त्याचे चार तुकडे केले. मग प्रश्न उरला खऱ्या कासवाचा. नियम म्हणतो, तीन चावे, महिनाभर घरी. पण नियमात सूचनाही होती आणि ताकीदही, आणि दोन्ही गेल्या होत्या भलत्याच घरी. कासवाच्या घरी कुणी अवाक्षर बोललं नव्हतं. तेव्हा त्याची ही पहिली सूचना, असं ताईंनी ठरवलं. सभेत कुणी आवाज चढवला तर चढवू दे. घटनेच्या नोंदवहीत त्यांनी तिन्ही नोंदींवर रेघ मारली, खाली सगळा प्रकार लिहिला आणि 'चूक कोणाची' या रकान्यात स्वतःचं नाव लिहून सही केली. सोमवारी तपासणीवाले वाचतील. वाचू देत.

मग यजमानांना फोन लावला. "अहो, एक जहाज लागेल सोमवारी. कासव बंद."

"केवढं हवं?"

"बापाला लांबून दिसेल एवढं."

सव्वापाचला आजोबा आले. ताईंनी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. एका कानाने त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकताना म्हातारबुवांनी चष्मा काढला. "मी आपलं कौतुकाने म्हणालो हो," एवढंच म्हणाले. नातवाला त्यांनी उचलून घेतलं. इतका मोठा झाल्यावर एरवी उचलत नसत.

साडेपाच वाजायला आले तेव्हा बसवाल्या बाईंचा मुलगा दारात आला. होडी परत त्याच्या छातीवर होती. पाठोपाठ आई फाटकातून आत आली, वर्दीत, हात पुढे करूनच. "द्या ताई. एकदा काय ते हातात पडू दे."

"पत्र नाही," मोठ्या ताई म्हणाल्या. "तुमचा मुलगा चावला नाही. एकदाही नाही. चूक आमची झाली. माझी झाली." आणि दारातल्या बुटक्या बाकावर तिला बसवून त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. बिल्ले, नव्या ताई, नळ, छत्री, सगळं.

आईचा जीव भांड्यात पडेल, असं ताईंना वाटलं होतं. तिने डोळे मिटले, एक मोठा श्वास सोडला. आणि मग तिचा चेहरा हळूहळू असा झाला, की ताई बोलायच्या थांबल्या.

"मी नाही, होडीने चावलं," ती म्हणाली. "खरं सांगत होता तो मला. आणि मी काय केलं? काल छत्रीच्या आईसमोर त्याला माफी मागायला लावली. त्याच्या आधी गाजराच्या. मागितल्याशिवाय घरी जायचं नाही, म्हटलं. आणि याने मागितली हो. निमूट मागितली." ती मुलाकडे वळली. "अरे, तू केलंच नव्हतंस, तर सॉरी का म्हणालास तू?"

मुलगा बिल्ल्याचं बटण काढायच्या मागे होता. घट्ट बसलं होतं. "त्याला म्हणता येत नाही," तो म्हणाला. "तो रडतो. म्हणून मी म्हटलं त्याच्यासाठी."

आईने वर्दीच्या बाहीने तोंड पुसलं.

मोठ्या ताई खाली बसल्या, त्याच्या उंचीला आल्या. एकवीस वर्षांत शेकडो मुलांना त्यांनी हेच शिकवलं होतं, आणि आता जीभ रेटेना. "माझं चुकलं रे," त्या म्हणाल्या. "मी तुला विचारायला हवं होतं."

त्याने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. त्यांच्यासारखंच, अगदी नाक वर करून.

"तुम्हाला सॉरी म्हणता येतं?"

"येतं."

"मग म्हणा."

मोठ्या ताई म्हणाल्या. मग आईही म्हणाली. त्याने दोघींचं ऐकून घेतलं, बटण काढलं आणि होडी आपल्या खिळ्यावर अडकवली.